घराण्यातील स्नायुरोगावर औषध घडावे यासाठी खेड्यातून करावयाची तयारी

घराण्यातील मागच्या दोन-तीन पिढ्यांत काही पुरुषांचे हातपाय चाळिशीच्या आसपास बारीक होत गेले, उकिडवे बसल्यावर कशाचा तरी आधार घेतल्याशिवाय उठता येईना, पाणी पिताना ठसका लागू लागला, आणि प्रत्येक वेळी ‘लकवा मारला’ एवढे बोलून गावाने विषय संपवला, अशी कुटुंबे विदर्भाच्या खेड्यांत भेटतात. त्यांपैकी काहींच्या आजाराच्या मुळाशी, एका जनुकातील दोषामुळे चुकीची घडी पडलेले आणि म्हणून पेशीला विषारी ठरणारे प्रथिन असू शकते. अशा आजारांवरील औषधे प्रयोगशाळेत शोधली जातात. परंतु ती कोणावर, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आणि कशाच्या मोजमापावर तपासायची हे ठरवण्यासाठी लागणारी माहिती रुग्णाच्या घरात असते, आणि घरच्यांनी व गावच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी ती नीट जमवली नाही तर दुसऱ्या कोणालाही ती जमवता येत नाही. ही माहिती कशी जमवावी, औषधाच्या घडणीशी तिचा संबंध काय आणि ती देताना आपले हक्क कसे राखावेत, हे येथे सांगायचे आहे. वाचक म्हणून माझ्या डोळ्यांपुढे अशा घरांतील शिकलेली मुले-मुली, आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील तरुण डॉक्टर आहेत.

औषध कोणत्या वाटांनी घडते

सिकलसेलमुळे विदर्भाला या विचाराची ओळख आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीतील एकच अमिनो आम्ल बदलते आणि तेवढ्याने ते रेणू एकमेकांना चिकटून तांबड्या पेशीचा आकार बिघडवतात. मज्जातंतू आणि स्नायूंच्या काही आनुवंशिक आजारांतही जनुकातील असाच लहानसा दोष सबंध प्रथिनाचे वागणे बदलून टाकतो. येथे मुख्य उदाहरण म्हणून केनेडी आजार, म्हणजे प्रौढ पुरुषांचे स्नायू हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार, घेतो, कारण त्याची कहाणी घराण्याच्या नोंदींपासून औषधापर्यंत सलग सांगता येते. विल्यम केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये या आजाराचे वर्णन केले आणि १९९१ मध्ये त्याचे जनुक सापडले. एक्स गुणसूत्रावरील अँड्रोजेन रिसेप्टरच्या जनुकात सीएजी ही तीन अक्षरे ओळीने पुन्हा पुन्हा येतात. ही संख्या ३८ किंवा त्याहून अधिक झाली की आजार संभवतो. प्रत्येक सीएजीमागे प्रथिनात ग्लुटामिन हे एक अमिनो आम्ल जोडले जाते, आणि ग्लुटामिनची ही शेपटी लांबली की प्रथिनाची घडी बिघडते, त्याचे पुंजके होतात आणि पेशीच्या केंद्रकातील कामकाज विस्कळीत होते. पेशीजवळ घडी सावरणारी मदतनीस प्रथिने असतात आणि निकामी प्रथिन मोडीत काढण्याची यंत्रणाही असते, म्हणूनच तरुणपणी सहसा काही जाणवत नाही. पण स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या चेतापेशी नव्याने विभागत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षांचा हा भार त्यांच्याकडेच साचत जातो.

उपचाराचा विचार करताना पहिला प्रश्न असा विचारावा की प्रथिन कमी पडल्यामुळे नुकसान होते आहे, की जे आहे तेच विषारी झाल्यामुळे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या बहुधा बालपणीच दिसणाऱ्या स्नायुदुर्बलतेच्या आजारात प्रथिन कमी पडते, म्हणून तेथे ते वाढवणारी औषधे उपयोगी पडली. आपण ज्यांच्याविषयी बोलत आहोत त्या आजारांत दिशा नेमकी उलटी आहे: विषारी प्रथिन तयारच कमी व्हावे, किंवा त्याची घडी टिकून राहावी, किंवा ते लवकर मोडीत निघावे, किंवा त्याला विषारी बनवणारी गोष्ट काढून घ्यावी. या चारही वाटांवर काम झाले आहे. ट्रान्सथायरेटिन नावाचे प्रथिन मुख्यतः यकृतात बनते आणि त्याचे चार भागांचे जुळलेले रूप सुटले की मज्जातंतूंवर व हृदयावर त्याचा थर बसतो. ते रूप जुळलेलेच ठेवणाऱ्या टॅफामिडिसला युरोपमध्ये २०११ मध्ये मान्यता मिळाली, तर यकृतातील त्याची निर्मितीच घटवणाऱ्या पॅटिसिरानला अमेरिकेत २०१८ मध्ये. एसओडी१ या जनुकाच्या दोषामुळे होणाऱ्या एएलएसवर (स्नायूंना आदेश देणाऱ्या चेतापेशी मरत जाणारा, वेगाने वाढणारा जीवघेणा आजार) कंबरेतून मणक्याच्या पाण्यात दिले जाणारे टोफरसेन २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. घडी सावरणाऱ्या प्रथिनांना बळ देण्याचा विचार मात्र तत्त्वतः आकर्षक असूनही स्नायू झिजवणाऱ्या या आजारांत माणसांवरील चाचण्यांत अजून कमी पडला आहे. त्या वाटेवरील अरिमोक्लोमोल एएलएसमध्ये उपयोगी ठरले नाही.

चौथी वाट केनेडी आजारातून निघाली आणि ती घराण्यांच्या बारकाईने केलेल्या नोंदींमुळे निघाली. हा आजार एक्स गुणसूत्रावरचा आहे आणि स्त्रीजवळ एक्सच्या दोन प्रती असतात, त्यामुळे एक सदोष प्रत असलेल्या स्त्रिया बचावतात, याचे स्पष्टीकरण सोपे होते. परंतु दोन्ही प्रती सदोष असलेल्या स्त्रियांतही फक्त सौम्य लक्षणे आढळली, तेव्हा ते स्पष्टीकरण पुरेना. फरक जनुकात नव्हता, टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाच्या प्रमाणात होता. त्या संप्रेरकाची सोबत मिळाल्यावरच हे प्रथिन केंद्रकात शिरून अपाय करते, हे जपानमधील संशोधकांनी उंदरांवर दाखवले: संप्रेरक काढून घेतल्यावर आजारी नरांची प्रकृती सुधारली. पुढे टेस्टोस्टेरॉन कमी करणारे ल्युप्रोरेलिन माणसांवर तपासले गेले आणि २०१७ मध्ये जपानने या आजारासाठी त्याला मान्यता दिली. ते आजार बरा करत नाही, आणि जपानमधील मोठ्या चाचणीत ४८ आठवड्यांच्या अखेरीस गिळण्याच्या मोजमापात सर्व रुग्ण मिळून स्पष्ट फरक दिसला नव्हता. अमेरिकेत टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी रूप बनू न देणारे ड्युटास्टेराइड ५० पुरुषांवर दोन वर्षे तपासले गेले, तेथेही मुख्य मोजमापात फरक आढळला नाही. इतक्या सावकाश वाढणाऱ्या आजारात दोन वर्षांत औषधाचा परिणाम दिसण्यासाठी आजाराची मूळची चाल फार अचूक ठाऊक असावी लागते. किती एकरांत पेरले हे माहीत नसेल तर उतारा वाढला की घटला हे सांगता येत नाही, तशी ही अडचण आहे. गावात बसून आपण जे करू शकतो ते नेमके याच ठिकाणी उपयोगी पडते.

आधी दुसरी कारणे वगळावीत

नोंदींना बसण्यापूर्वी हा आजार आनुवंशिकच आहे याची शक्य तेवढी खात्री करावी, कारण आपल्या भागात हातपाय दुबळे होण्याची इतरही कारणे आहेत आणि त्यांतील काहींवर आजच इलाज आहे. कुष्ठरोगात हाताचे स्नायू झिजतात, पण सोबत बधिरपणा, त्वचेवर चट्टे किंवा कोपराजवळ जाड झालेली नस असते. गडचिरोली आणि चंद्रपूरकडे हे प्रत्येक रुग्णात पाहावे. पूर्व विदर्भात लाखोळीची डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने लॅथिरिझम होतो. त्यात पाय कडक होतात, चालताना एकमेकांत अडकतात, पण ते स्नायू झिजून लुळे पडणे नसते. कीटकनाशकाच्या विषबाधेनंतर काही आठवड्यांनी पायांत दुबळेपणा येऊ शकतो, आणि यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीतून झालेल्या विषबाधेनंतर तर हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणाचाही इतिहास पूर्ण धरू नये. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह आणि थायरॉइड हे साध्या रक्ततपासणीत कळते.

केनेडी आजाराकडे बोट दाखवणाऱ्या खुणा मात्र फारशा कोणी शोधत नाही. दुबळेपणाच्या कित्येक वर्षे आधी पिंढऱ्यांत गोळे येतात आणि हात थरथरतात. रुग्णाला उजेडाकडे तोंड करून बसवावे आणि शीळ घालताना करतात तसा ओठांचा चंबू करायला सांगावे. हनुवटीवर आणि ओठांभोवती कातडीखाली बारीक उडी दिसते, कधी एका बाजूला, कधी दोन्हीकडे. जीभ बाहेर न काढता तोंडातच सैल ठेवायला सांगून टॉर्च मारल्यास मध्यभागी खाच पडलेली आणि कडेला लहरी उठताना दिसतात. पुरुषाची छाती वाढलेली असू शकते, आणि हे विचारल्यावर बहुतेक जण लाजेने नाही म्हणतात, त्यामुळे तपासताना पडदा आणि पुरुष कर्मचारी यांची सोय करावी. रक्तातील सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात उतरणारे विकर) वाढलेले आणि क्रिएटिनिन कमी असणे ही जोडीही उपयोगी आहे. या खुणा नीट न पाहिल्यामुळे काही रुग्णांना एएलएस सांगितला जातो आणि थोडीच वर्षे उरल्याच्या समजुतीने घर मोडते. प्रत्यक्षात केनेडी आजाराची चाल दशकांची असते.

वंशावळ आडनावावरून काढू नये

एक्स गुणसूत्रावरच्या आजारात वंशावळ हे सर्वांत मोलाचे काम आहे आणि आपल्या पद्धतीत तेच सर्वाधिक चुकते. बाधित बापाकडून मुलाला हा आजार मिळत नाही. त्याच्या प्रत्येक मुलीकडे मात्र सदोष प्रत जाते, आणि त्या मुलीच्या प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे आजार आजोबांकडून नातवाकडे जाताना मधल्या पिढीत आडनाव बदलतो, गाव बदलतो, बहुधा तालुकाही बदलतो. घरच्या कर्त्या पुरुषाला ‘तुमच्या घराण्यात कोणाला होते का’ असे विचारले तर तो आपल्या कुळातले सांगतो आणि उत्तर नकारार्थी येते. म्हणून रुग्णाच्या आईजवळ बसावे, तिच्या माहेरी कोण कोण होते ते विचारावे. तिचे भाऊ, तिच्या मावश्यांचे मुलगे आणि तिच्या आईचे भाऊ यांची नावे, गावे आणि त्यांना काय झाले हे लिहावे. म्हाताऱ्या बायांना हे सर्व तपशिलाने आठवते. ‘माह्या मामाच्या हातातला चहाचा कप असाच हाले, बशीतच सांडे,’ एवढे एक वाक्य वीस रिपोर्टांइतके बोलके असते. मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न झालेली असल्यास ते दुहेरी रेघेने स्पष्ट दाखवावे, कारण अशा घरांत दोन्ही प्रती सदोष असलेली स्त्री असू शकते, आणि तशा स्त्रियांकडून विज्ञान काय शिकले हे वर आलेच आहे.

पुरुष चौकोनाने आणि स्त्री वर्तुळाने दाखवण्याची रीत आहे. प्रत्येक नावापुढे जन्माचे अंदाजे वर्ष, पहिले लक्षण कोणते आणि ते कोणत्या वयात, मृत्यू झाला असल्यास वय आणि कारण लिहावे. वय आठवत नसेल तर ‘थोरल्या पोरीच्या लग्नाआधी की नंतर’ असे विचारले की वर्ष सापडते. वंशावळ गावातल्या कोणाच्याही हाती पडू देऊ नये. मुलींच्या लग्नाचा प्रश्न असलेल्या घरात असा कागद बाहेर फिरला तर होणारी हानी भरून निघत नाही, म्हणून नावांऐवजी क्रमांक घातलेली एक प्रत रुग्णालयासाठी वेगळी तयार करावी.

जनुकाची तपासणी मागताना

येथे एक तांत्रिक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. ‘सगळी जनुके पाहिली, दोष नाही’ असा एक्झोम तपासणीचा (जनुकांतील प्रथिने घडवणारे भाग एकत्र वाचणारी तपासणी) अहवाल हाती असला तरी केनेडी आजार वगळता येत नाही, कारण त्या पद्धतीत पुनरावृत्तीची लांबी भरवशाने मोजली जात नाही. अँड्रोजेन रिसेप्टर जनुकातील सीएजी पुनरावृत्तीची स्वतंत्र पीसीआर तपासणी नाव घेऊन मागावी लागते, आणि अहवालात नेमकी संख्या लिहून घ्यावी. ‘पॉझिटिव्ह’ एवढ्यावर थांबू नये. संख्या जितकी मोठी तितका आजार साधारणतः लवकर सुरू होतो, आणि औषधचाचणीत रुग्णांचे गट पाडताना हीच संख्या लागते. नमुना म्हणून जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत थोडे रक्त पुरते. एटापल्लीहून किंवा धारणीहून नागपूर गाठणे म्हणजे अख्खा दिवस मोडतो, त्यामुळे ईएमजी (स्नायूंतील विद्युत-संदेशांची तपासणी), रक्त आणि न्यूरॉलॉजिस्टची भेट एकाच फेरीत बसेल अशी वेळ आधी मागून घ्यावी. नागपूरचे एम्स, तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान ही जवळची ठिकाणे आहेत. पुढच्या तपशीलवार निदानासाठी बंगळुरूचे निम्हान्स, आणि दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखालील केंद्र म्हणून मुंबईचे केईएम रुग्णालय. २०२१ च्या या धोरणाखाली ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे, पण ती यादीत असलेल्या आजारांपुरती आहे. आपला आजार यादीत आहे का, हे केंद्रातच लेखी विचारावे.

लक्षणे नसलेल्या अल्पवयीन मुलांची अशा प्रौढपणी होणाऱ्या आजारासाठी तपासणी करू नये. मोठे झाल्यावर जाणून घ्यायचे की नाही हा त्यांचा निर्णय आहे, आणि सोयरिकीच्या वेळी समोरच्या पक्षाने मागितली म्हणून तर ती मुळीच करू नये.

नोंदवही

आजाराची चाल टिपण्यासाठी साधी शंभर पानी वही पुरते, पण शिस्त लागते. वर्षातून दोनदा मोजणी करावी. कडाक्याच्या थंडीत केनेडीच्या रुग्णांची बोटे अधिकच आखडतात आणि मे महिन्याच्या उन्हात कोणाचेही चालणे मंदावते, म्हणून पोळ्यानंतरचे आणि होळीच्या सुमाराचे दिवस ठरवावेत आणि वेळ सकाळची, न्याहारीनंतर तासाभराने, नेहमी तीच ठेवावी. हात न लावता खुर्चीवरून पाच वेळा उठायला-बसायला लागणारे सेकंद, समतल जागी सहा मिनिटांत चाललेले अंतर आणि वजन एवढ्या तीन गोष्टी घरी होतात. खुर्ची तीच हवी. दरवेळी उंची बदलली तर आकड्यांना अर्थ उरत नाही. पडण्याचा धोका असल्याने शेजारी एक माणूस उभा असावा. गिळण्याची मोजणी घरी करू नये. जेवायला किती वेळ लागला, दिवसात किती वेळा ठसका लागला आणि छातीत कफ होऊन ताप आला का, एवढेच लिहावे. उठण्याचा आणि चालण्याचा छोटा व्हिडिओ दरवेळी त्याच कोनातून घ्यावा, रुग्णाची परवानगी घेऊन, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपच्या कोणत्याही ग्रुपवर टाकू नये.

या आकड्यांइतकेच महत्त्व मी कामांच्या तारखांना देतो. फवारणीचा पंप पाठीवर घेणे कोणत्या हंगामात सोडले, डवरणीला शेवटचे कधी गेले, कापसाचे गाठोडे बंडीवर एकट्याने चढवणे कधी बंद झाले, सदऱ्याची वरची गुंडी लावायला दुसऱ्याची मदत कधीपासून लागते, हे टप्पे रुग्णाच्या आयुष्यात खरोखर घडतात आणि ते विसरले जात नाहीत. घरच्या वावरात पुरुषही वेचणी करतात तेथे आणखी एक खजिना असतो: वेच्याचा किलोवर ठेवलेला हिशोब. एका शेतकऱ्याच्या जुन्या वहीत त्याच्या स्वतःच्या नावापुढचे आकडे हंगामागून हंगाम उतरत गेलेले आणि बायकोचे तेवढेच राहिलेले मी पाहिले आहेत. अंगठा आणि तर्जनी बोंडातून कापूस ओढताना थकत होती, आणि त्याने ते कोणाला सांगितले नव्हते. पिकावर आणि पावसावर हे आकडे अवलंबून असल्याने त्यांना मोजमाप म्हणता येत नाही, पण दुबळेपणा नेमका कधी सुरू झाला याचा इतका प्रामाणिक पुरावा रुग्णालयात मिळत नाही.

रक्तातील खुणाही आजारानुसार बदलतात. एसओडी१च्या एएलएसमध्ये न्यूरोफिलामेंट नावाच्या प्रथिनाची रक्तातील पातळी घटली, आणि त्याच आधारावर टोफरसेनला मान्यता मिळाली. मूळ चाचणीत २८ आठवड्यांनंतर कार्यक्षमतेच्या गुणांत मात्र निर्णायक फरक दिसला नव्हता. केनेडी आजारात न्यूरोफिलामेंट फारसे वाढतच नाही, तेथे स्नायूंचे एमआरआय आणि ताकदीची मोजणीच अधिक बोलते. म्हणून एका आजारासाठी ऐकलेली महागडी तपासणी दुसऱ्यासाठी करून घेण्यात पैसा घालवू नये.

चाचणीत सहभागी होण्यापूर्वी

औषधचाचणीचे निमंत्रण आले तर प्रथम तिचा सीटीआरआय क्रमांक मागावा. भारतातील चाचण्यांची ही सार्वजनिक नोंदवही २००७ पासून आहे, २००९ पासून तेथील नोंद बंधनकारक आहे, आणि ती कोणालाही मोबाइलवर पाहता येते. २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीची मान्यता, समजेल अशा भाषेत संमतीपत्र, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई हे सहभागी व्यक्तीचे हक्क आहेत; वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार असावा लागतो. मराठी संमतीपत्र घरी न्यावे, गावच्या डॉक्टरांकडून वाचून घ्यावे, आणि चार प्रश्न लेखी विचारावेत: आपल्याला मिळणारी गोळी खोटी, म्हणजे औषध नसलेली, असण्याची शक्यता किती, प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळेल का, मधेच बाहेर पडल्यास नेहमीचे उपचार चालू राहतील का, आणि औषध उपयोगी ठरले तर चाचणी संपल्यावर ते मिळत राहील का. ल्युप्रोरेलिनसारख्या औषधाने पुरुषाची कामेच्छा आणि प्रजननक्षमता घटते, हाडेही कमजोर होऊ शकतात. मूल हवे असलेल्या तरुण जोडप्याशी हे दोघांना समोर बसवून आधीच बोलावे.

चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाने पैसे द्यायचे नसतात. पैसे घेऊन स्टेम सेलची सुई देणारे दवाखाने या आजारांवर मान्यताप्राप्त उपचार देत नाहीत. मंजूर चाचणीबाहेर तो वापर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. जमीन गहाण ठेवून तेथे गेलेली कुटुंबे परत येतात तेव्हा पैसा आणि वर्ष दोन्ही गेलेले असते, आणि दोन सुयांच्या मधल्या काळात नोंदवही कोरी राहिलेली असते. तोच पैसा आणि वेळ फिजिओथेरपी, गिळण्याचे प्रशिक्षण, गिळायला सोपा घट्टसर आहार आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र यांवर लावावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ओळखलेल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार आहेत आणि यूडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाचे ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन करता येतो.

एका प्लास्टिकच्या पाकिटात पुनरावृत्तीची संख्या असलेला मूळ अहवाल, क्रमांक घातलेली वंशावळ, नोंदवहीची छायाप्रत, ईएमजी आणि सीकेचे कागद तारखेनुसार लावून ठेवावेत, व्हिडिओ वेगळ्या मेमरी कार्डावर उतरवून त्यातच टाकावेत, आणि हे पाकीट कुठे आहे हे घरातील किमान एका स्त्रीला माहीत असावे. पुढच्या पिढीतला रुग्ण बहुधा तिच्या किंवा तिच्या बहिणीच्या पोटचा असेल, आणि त्याला तपासणारा डॉक्टर पहिल्याच भेटीत हेच कागद मागणार आहे.